मामांच्या पट्ट्यातून साष्टांग नमस्कार

तीर्थरूप मामीस साष्टांग नमस्कार (तूर्त उभ्यानेच, वाकायला डॉक्टरांची बंदी आहे). तुमचे गुडघे आणि तुमची मांजर, दोघांचं बरं चाललं असेल. आमचं म्हणाल तर दुकानात वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा काढताना स्टुलावरून पडलो आणि मणका मोडला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाठीला पट्टा, आणि तोही मापाचा करून घ्या. आता शिंप्याला मापं शिकवणारे हे कोण? मामांच्या माघारी तुम्ही दिलेला त्यांचा पट्टा माळ्यावर होताच. बगलेत थोडा कापला, बंद बदलले आणि चढवला.

तिथेच चुकलं. कापड माणसाच्या अंगाला आणावं, हे जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. इथे माणूसच पट्ट्याच्या अंगाला आला. आठवड्यात माझा डावा खांदा मामांसारखा उतरला. मग चार वाजले की हातातलं शिवण टाकून पाय आपसूक खिडकीशी. (समोर छापखान्याची भिंत आहे. मामा चार वाजता तुमची वाट पाहत उभे राहायचे, मी कोणाची पाहतो?) मागचा बंद एकट्याने जेमतेम तिसऱ्या भोकात जातो. चहा होईस्तोवर तो चौथ्यात असतो, तुम्ही मामांचा आवळायचात तसा. मी खडूने खूण करून पाहिली. खूण तिथेच, बंद पुढे.

परवा डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे फोटो काढला. हाड जुळलं, पट्टा सोडा म्हणाले. वर विचारलं, दोन मणके खालचा हा जुना मोड कधीचा? मी एकदाच पडलोय, मामी. खालचा मणका मामांचा मोडला होता. खरं सांगतो, मला भीती वाटते.

फार वेळ बसू देत नाहीत, म्हणून आवरतो.

आपला (अजून तरी) भाचा

ता.क. पट्टा माझ्याने सुटत नाही. कात्री घेतली की हात ती परत खुंटीला अडकवून येतो, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. मामांचं हाड तीन महिन्यांत जुळलं होतं, तरी ते नऊ वर्षं पट्टा लावून हिंडले. आई म्हणायची, बंद आवळायच्या निमित्ताने तेवढी बायको रोज जवळ येते म्हणून. तेव्हा मी हसलो होतो. तुम्ही एकदा या, तुमच्या हाताने बंद सोडा आणि ‘झालं, बरे झालात’ एवढं म्हणा.

ता.क. दुसरा. अक्षर ओळखीचं वाटलं तर दचकू नका; पेन मामांसारखं डाव्या हातात कधी गेलं, मलाही कळलं नाही. चार वाजता या. खिडकीत आम्ही उभे आहोतच.