तगरीवरचे पाहुणे

मुलुंड, ४ ऑगस्ट २०२४

ती. जानकीताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या चैतन्यने मामाला घरच्या ग्रुपमधून काढून टाकलं, म्हणून पोस्टाला कामाला लावतोय. गुन्हा काय, तर रोज सकाळी देवाऐवजी दिव्यावर येणाऱ्या पतंगांचे फोटो पाठवले.

माझी नीलम गेल्यापासून संध्याकाळ खायला उठायची. आता खिडकीखालच्या तिच्या बागेत पांढरी चादर टांगतो, दिवा लावतो आणि येईल त्या पतंगाचं नाव शोधतो. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, अशी सोसायटीत कुजबुज आहे. परवा तगरीवर हिरवागार, तळहाताएवढा पतंग आला. मोबाईलने त्याला आधी पान ठरवलं, मग पोपट, शेवटी हॉक मॉथ. मी वेडाच झालो गं!

पण आमचा अध्यक्ष चंद्रप्रकाश बागेवर फरशा घालून दोन गाड्या उभ्या करणार म्हणतो. वॉर्डाच्या बाग स्पर्धेत जैवविविधतेचं बक्षीस आणलं, तरच बाग राहील. म्हणून तगर चकाचक ठेवतो. पानं खाणारे जाडे सुरवंट रोज वेचून भिंतीपलीकडे टाकतो.

ग्रुपचा लोभ गेला तर गेला, तुझा राहू दे.
तुझा जयवंत

विलेपार्ले, ७ ऑगस्ट

चि. जयवंतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळावर हात मारला. अरे शहाण्या, पतंगाला चादर टांगून आवतण देतोस आणि त्याचीच पोरं भिंतीपलीकडे फेकतोस? ते सुरवंटच उद्या हिरवे पतंग होतात. श्वेताने पुस्तकात दाखवलं. सूनबाई झुरळ दिसलं की खुर्चीवर चढते, पण छापील किड्यांना भीत नाही.

पानांना भोकं पडू देत. नीलमने तुझ्या पाठीत धपाटा घातला असता. तू पुन्हा कशात तरी रमलास, याचा मला फार आनंद झालाय. चैतन्यला चांगलंच झापलं.

वेळेवर जेवत जा आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
जानकीताई

मुलुंड, १६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बक्षीस मिळालं आणि वाट लागली.

रविवारी परीक्षक यायचे होते. त्यांना किडे चावू नयेत म्हणून चंद्रप्रकाशने आदल्या दिवशी बागभर औषध मारून घेतलं. फवारणीवाला गेटात शिरला तेव्हा मला कळलं. धावत जाऊन सुरवंट बसलेल्या फांद्या तेवढ्या कापून मोरीत आणल्या. परीक्षकांना ना पतंग दिसला, ना मुंगी. इतकी निर्मळ बाग साऱ्या वॉर्डात नाही म्हणाले आणि जैवविविधतेचं पहिलं बक्षीस आम्हालाच दिलं!

बाग वाचली. पण बक्षीस म्हणजे वर्षभर दर शनिवारी मोफत कीटकनाशक फवारणी. चंद्रप्रकाशने आनंदाने सही केली. मी भांडलो, तर म्हणाला, काका, तुमच्या पतंगांमुळेच तर मिळालं ना!

ताई, बाग आहे, पण तिथे आता कोणी येणार नाही. फार वाईट वाटतंय. शेजारच्या सोसायटीतली तगरीची पानं चोरून सुरवंट जगवतोय. त्यांना कुठे सोडू, तूच सांग.

माझ्यावर आणि मोरीतल्या मंडळींवर लोभ असू दे.
जयवंत

विलेपार्ले, १९ ऑगस्ट

चि. जयवंतास आशीर्वाद.

आमच्या मागच्या अंगणात दोन तगरी आहेत, आणि आमच्या सोसायटीला सुदैवाने अजून एकही बक्षीस मिळालेलं नाही. सगळ्यांना डब्यात घालून इकडे आण, झाकणाला भोकं पाड. चादर आणि दिवाही घे. चैतन्य स्टेशनवर येईल.

श्वेताला सांगून ठेवलंय, मामा महिनाभर राहायला येतायत. सोबत पंधरा-वीस पाहुणे आहेत, सगळे शाकाहारी.

वाट पाहते,
ताई