सगळ्यांना सांगितलेला हर्निया

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार
लघवीची नळी काढली. प्रोस्टेटचं ऑपरेशन फत्ते, पण टाकीचा व्हॉल्व्ह सैल! डॉक्टर म्हणाले, "काही आठवडे गळेल." किती आठवडे? आकडा नाही. वाडीत 'हर्निया' सांगितलंय. मरेपर्यंत हर्नियाच.

२८ फेब्रुवारी
पॅड रत्नागिरीत घेतले नाहीत, दहा जण ओळखतात. लांज्याला गेलो. दुकानदार — "आईंसाठी का?" होय म्हटलं. आई जाऊन अकरा वर्षं झाली.

१ मार्च
कोरडं पॅड ३१ ग्रॅम. संध्याकाळचं १६८. म्हणजे गळती १३७. वासंतीने काटा हिसकावला — "अहो, त्यावर मी रवा मोजते!" पिशवीत घालून मोजलं होतं. बायकोला शास्त्र कोण समजावणार?

५ मार्च
फिजिओची पोरगी — "काका, धार मध्येच तोडतो तसं आवळा. दहा आकडे." पंपाची जळलेली मोटार पुन्हा बांधायला मला कोणी शिकवलं नाही, ही काय शिकवणार! घरी करून पाहिलं. वासंती म्हणते, "तोंड कशाला आवळताय?"

९ मार्च
८२. नंतर शिंक आली. ९०.

१७ मार्च, सोमवार
शिमग्याची पालखी अंगणात. खांदा दिला नाही — हर्निया! वाडीचं गाऱ्हाणं घालणारा शेजारचा हरिश्चंद्र उभा राहिला. घरची अडचण देवापुढे मोठ्याने मांडायची, ही रीत. मला वाटलं, आमच्या पोराला, अनिशला, नोकरी मागेल. तर हा —
"ह्या श्यामाची लघवीची जी काय पीडा आसंल, ती दूर कर रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!" साठ माणसं! वर ढोल!
उभ्या जागी गळलं. वासंतीकडे पाहिलं. "मी नाही हो सांगितलं," म्हणाली. दुसरं कोण सांगणार? बोलणं बंद.

२० मार्च
सकाळी हरिश्चंद्र आला. मी आत वळलो, त्याने मनगट धरलं.
"वहिनीवर कशाला रागावतोस? पालखी नाचत होती नि तू दोनदा मागीलदारी गेलास, पाय जोडून. वाडीत तसा चालणारा मी एकटाच होतो रे. वर्ष झालं, घरात पण बोललो नाय. गाऱ्हाणं तुझ्या नावानं घातलं, मागितलं दोघांसाठी."
त्याला ओटीवर बसवला. आत हाक मारली, तीन दिवसांनी पहिली —
"वासंती, तिघांचा चहा टाक."