तीस की अकराशे दहा

४ मार्च
प्याले एकदाची. घोटभर पाण्यात किरणांचं आयोडीन. चव काही नाही. देणारे मात्र शिशाच्या पडद्याआड उभे राहून म्हणाले, "घाबरू नका हं." पडद्यामागून धीर देणं किती सोपं!
गळ्यातली थायरॉइडची कॅन्सरची गाठ काढून झाली, उरलंसुरलं आता हे जाळणार. डोस तीस मिलिक्युरी. आमचे सर (घरातही सरच, नवरा फक्त कागदोपत्री, बाहेर भौतिकशास्त्राचा क्लास) म्हणाले, "तीस म्हणजे काहीच नाही. मी आहे ना." लिहून ठेवते.

५ मार्च
घरी. आठवडाभर माझ्यातून किरणं निघणार, म्हणून मागची खोली, वेगळं ताट, वेगळा संडास, माणसांपासून दोन मीटर. लग्नाला बारा वर्षं झाली, एवढा निवांतपणा पहिल्यांदाच. सासूबाई दारातून बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत — तेही पहिल्यांदाच.
सर बाहेर खुर्ची टाकून बराच वेळ बोलत बसले. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

६ मार्च
घरी सोडताना दिलेला कागद सरांनी आज वाचला. त्यावर डोस आहे १११०.
खुर्ची रिकामी. मग बहिणीशी फोनवर कुजबुज, "ताई, तीस सांगितलं आणि अकराशे दहा दिलं. सदतीसपट!" भागाकार चोख, त्यात वाद नाही. संध्याकाळी बॅग घेऊन ताईकडे रवाना. "क्लासची मुलं आहेत, त्यांचा विचार करावा लागतो." फाटक रुमालानं धरून उघडलं.
मी भिंतीकडे तोंड करून रडले. सदतीसपट दिलं असेल तर ही जगेल का, हे कुणाला तरी विचारावं, एवढंही त्यांना सुचलं नाही.

७ मार्च
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "अहो, तेच आहे ते. एका मिलिक्युरीचे सदतीस मेगाबेकरेल. तीस गुणिले सदतीस करा." क्युरी जुनं एकक, बेकरेल नवं. खोली फुटांत मोजा नाहीतर सेंटिमीटरमध्ये, खोली तेवढीच.
कागद परत बघितला. आकड्यापुढे मेगाबेकरेल छापलंय, चांगलं ठळक. आणि हा माणूस एकक लिहिलं नाही म्हणून पोरांचा अर्धा मार्क कापतो! लाल शाईत 'एकक कुठे?'
सरांना कळवलं. उत्तर आलं, "असू दे. तरी आठवडा होऊ दे."

८ मार्च
सासूबाई शिवणाची टेप घेऊन आल्या. मला भिंतीला चिकटून उभं केलं, माझ्या खाटेपासून दोन मीटर मोजले, खडूनं रेघ मारली आणि सरांचीच खुर्ची रेघेवर ठेवून बसल्या.
"भित्रा आहे तो," म्हणाल्या. "लहानपणी इंजेक्शन म्हटलं की माळ्यावर जाऊन बसायचा."
"आई, तुम्हाला भीती नाही वाटत?"
"वाटते की. म्हणून तर मोजलं."
मग बारा वर्षांत माझ्या ज्या चुका काढायच्या राहिल्या होत्या, त्या सगळ्या रेघेवर बसून काढल्या. मी दोन घास जास्त जेवले.

९ मार्च
आजही आल्या. भाजी निवडत बसल्या. माझी निवड चुकते म्हणे.

१२ मार्च
तपासणी. मानेचा फोटो काढला, मग मीटर धरून मोजलं. आता एकक तिसरंच, सिव्हर्ट. शरीराला किती लागतं ते यात सांगतात. एक मीटरवर ताशी दोन मायक्रोसिव्हर्ट. "जा आता माणसांत," म्हणाले.
घरी सर फळं घेऊन हजर. दारातूनच, "आता किती?"
"दोन."
"दोन काय?"
एकक विचारलं. अर्धा मार्क दिला मी.

२० मार्च
फोटोचा रिपोर्ट आला. मानेत अजून काहीतरी चमकतंय. सहा महिन्यांनी पुन्हा डोस, या वेळी दीडशे मिलिक्युरी. सरांचे ओठ हलत होते. सदतीसनं गुणत होते.
सासूबाई उठल्या. सरांची बॅग काढली आणि त्यात त्यांचे शर्ट भरायला लागल्या.
"आई, अजून सहा महिने आहेत," सर म्हणाले.
"असू दे," त्या म्हणाल्या. "तोवर आम्हाला सवय होईल."