गळती मी थांबवली

३ तारीख, सकाळ
आणि वर मिस्त्री म्हणे, तू फक्त पाने हातात दे! दोन वर्षं झाली या बोटदुरुस्तीच्या शेडमध्ये. शाळा सातवीत सुटली म्हणून काय डोकंही तिथेच राहिलं? मी पुढे गेलेलं मिस्त्रीला नकोय, बस.
बोटवाल्या मामांच्या बोटीच्या मोटरीचं स्टिअरिंग गळतंय. चाक फिरवलं की पाइपातून तेल मागच्या सिलिंडरमध्ये जातं, ते मोटर वळवतं. त्या सिलिंडरचं रबरी सील गेलंय. नवीन सील पार्सलने येणार, तोवर बोट पाण्यात घालायची नाही, असं मिस्त्रीने तीनदा बजावलं. मी बहिरा नाही.

३ तारीख, दुपार
मिस्त्री मेहुणीच्या लग्नाला गेला. आठवडाभर. आईला फोन केला, आता मीच मिस्त्री. तिने विचारलं, पगार वाढला का. तिला कामातलं काय कळणार.

४ तारीख
मामा दोनदा येऊन गेले. खाडीपलीकडच्या कारखान्यातल्या बावीस बायकांची ने-आण तेच करतात. म्हणाले, बोट बंद तर चूल बंद. बघ रे पोरा, तुझ्या हाताला गुण आहे. माणूस ओळखावा तर मामांनी.
ठरवलं. स्टिअरिंगच्या तेलाचा डबा मिस्त्री कुलपात ठेवून गेलाय. संशयी स्वभाव. फळीवर गाडीच्या ब्रेकचं तेल होतं. ते एवढी गाडी थांबवतं, बोट वळवणार नाही?

५ तारीख
गळती थांबली! खाली कागद ठेवला, दुपारपर्यंत कोरडा ठाक. जुनंच सील फुगून घट्ट बसलं. एक पैशाचा पार्ट नाही. मामांनी चहा पाजला. बोट पाण्यात.

७ तारीख
चाक जड चालतंय, मामा म्हणाले. मी म्हटलं, जड म्हणजे मजबूत. हसले. म्हणाले, मग उद्यापासून दंड थोपटूनच बसतो.
सिलिंडरच्या तोंडाशी बोट लावून बघितलं तर काळं, चिकट, वितळलेल्या रबरासारखं लागलं. साबणाने जात नाही. नव्या कामात असं थोडं निघतंच.

८ तारीख
पार्सल आलं. सही केली. उघडलं नाही. उघडलं तर बोट वर काढा, मामांना कारण सांगा, उगाच लोकांच्या मनात शंका. बाकाखाली ठेवलं, वर पोतं टाकलं. धूळ बसू नये म्हणून.

९ तारीख, सकाळ
वारा आहे. काळं अजून नखात. मामांचं चाक आता हलकं झालंय, एका बोटाने फिरतं म्हणे. बघा! जरा थांबा म्हणून सांगायला धक्क्यावर गेलोही होतो, पण ते बायकांना घेऊन सुटले होते. एवढ्या लांबून ओरडणं बरं दिसत नाही.

९ तारीख, दुपार
धक्क्यावर गर्दी जमलीय. बघायला गेलो नाही. पाने पुसायचे होते.

१० तारीख
मिस्त्री परत आला. कळलं ते असं: चाक नुसतंच गरागरा फिरत राहिलं, बोट खांबावर गेली, बायकांच्या बाजूला आदळू नये म्हणून मामांनी मध्ये हात घातला. उजवा. बायका सुखरूप. वाऱ्याचं कुणी नावच काढत नाही.
मिस्त्रीने तेल दोन बोटांवर चोळून हुंगलं. मग बाकाखालून पार्सल काढलं. ओरडला नाही. ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं, तयार होतं. झाडू हातात दिला फक्त.

१२ तारीख
मामांची तीन बोटं काढली. मामी शेडवर आल्या होत्या. मामांनी विचारलंय म्हणाल्या, माझ्यापायी मिस्त्रीने पोराला मारलं तर नाही ना?
आज दवाखान्यात जाणार होतो. पण तिथे गर्दी असते. चहावाल्याच्या हाती पाकीट देतोय. वर नाव घातलेलं नाही. ही कबुली नाही, कुणी तसं समजू नये, माणुसकी आहे. या महिन्यात घरी काही येणार नाही, असं आईला कळवलं. खिसे, गादी, डबा सगळं झटकून पाठवतोय.
सतराशे चाळीस.