चालकाच्या जागी फक्त मालकीण

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, धंदा कवळ्या बनवण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि चांगल्यापैकी आनंदात हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. ते आजवर कोणाला जमलं नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात हृदय, रक्तदाब आणि डोकं ठीक असल्याचं म्हटलं आहे. गुडघ्यांबद्दल डॉक्टरांनी मौन पाळलं आहे, पण शेवटची इच्छा सांगायला गुडघे लागत नाहीत. याआधी मी दोन मृत्युपत्रं केली होती. दोन्ही रागाच्या भरात केली होती, म्हणून दोन्ही रद्द समजावीत.

याची अंमलबजावणी माझ्या वकीलबाईंनी करावी. "थोडक्यात आणि मुद्द्याचं लिहा," असं त्यांनी मला बजावलं आहे. मी प्रयत्न करते.

कलम पहिले. कारखान्याच्या वरचं माझं तीन खोल्यांचं राहतं घर माझ्या मुलाला द्यावं. तो दुसऱ्या शहरात विमा कंपनीत बसून लोकांच्या जिवाची जोखीम मोजतो. त्याने घर विकलं तरी माझी हरकत नाही. फक्त स्वयंपाकघरातली खिडकी आधी वर उचलावी लागते आणि मग ढकलावी लागते, हे घेणाऱ्याला सांगावं. मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्याच आठवड्यात माझा अंगठा चेपला.

कलम दुसरे. खालचा कारखाना, त्यातल्या भट्ट्या, पॉलिशची चाकं, प्लास्टरच्या गोण्या आणि दातांच्या छटांच्या पट्ट्या यांच्यासकट, तिथे काम करणाऱ्या बावीस जणांना सारख्या वाट्याने द्यावा. प्रमुख म्हणून प्लास्टरवाले काका. ते माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत, पण पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना काका म्हणतात आणि मीही म्हणते. अट एकच आहे. कवळी बसवल्यावर माणसाने आरशात बघून हसलं पाहिजे. नुसतं चावता आलं म्हणजे काम झालं, असं ज्याला वाटत असेल त्याला पगार चालू ठेवून महिनाभर प्लास्टर ढवळायला बसवावं.

कलम तिसरे. बँकेतल्या ठेवीतून, ज्यांना कवळी परवडत नाही त्यांना ती फुकट करून द्यावी. नावं जाहीर करू नयेत.

कलम चौथे. गाड्या. इथे मुद्द्याचं लिहिणं मला जमणार नाही, वकीलबाईंनी माफ करावं.

चौतीस वर्षांपूर्वी मी अंगावर प्लास्टरचे शिंतोडे असलेला एप्रन घालून एका शोरूममध्ये शिरले. काचेतून एक स्पोर्ट्स कार दिसली होती आणि पाय आपोआप आत वळले. गाडी एका फिरत्या चौथऱ्यावर हळूहळू गोल फिरत होती. तिच्या मागच्या चाकावरचा उंचवटा असा होता की आमच्या धंद्यातल्या माणसाला हात लावल्याशिवाय राहवलं नसतं. मी हात लावला. चकचकीत बुटांचा एक विक्रेता लगबगीने पुढे आला.

"ही केवढ्याला?" मी विचारलं.

"ही विकायची नाही, बाई."

"मग इथे कशाला ठेवलीत?"

"बघायला. मिळते ती आमच्या जुन्या ग्राहकांना."

"जुनं गिऱ्हाईक व्हायला काय करावं लागतं?"

"आधी नवं व्हावं लागतं," तो म्हणाला आणि माझ्या बोटांचे ठसे रुमालाने पुसू लागला.

मी हट्टाला पेटले. चार वर्षांनी त्यांची सगळ्यात लहान गाडी घेतली, जी कोणीच घेत नव्हतं. तिला आम्ही पिटुकली म्हणायचो. मग चकचकीत बुटवाला म्हणाला, "मॅडम, ही चार दारांची घेतलीत तर वरची मंडळी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील." ती घेतली. ती म्हैस. मग त्यांच्या गोदामात एक पिवळी पडून होती आणि तिच्यामुळे माझं नाव प्रतीक्षायादीत एकदम वर जाणार होतं. ती कावीळ. दुरुस्ती त्यांच्याच गॅरेजमध्ये, टायर त्यांचेच, छत्रीसुद्धा त्यांचीच. वर्षातून एकदा निष्ठावान ग्राहकांचं जेवण असायचं. तिथे सगळे आपण न चालवलेल्या गाड्यांबद्दल बोलायचे. एका ठेकेदाराने आपली गाडी सहा महिन्यांत विकली, तर पुढच्या जेवणाला त्याची खुर्चीच मांडलेली नव्हती. कोणी त्याची चौकशीही केली नाही. मीही केली नाही.

आता वाटप. पिटुकली काकांना, कारण तिचा गिअर त्यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. म्हैस माझ्या मुलाला. गाडी ही गुंतवणूक असते, असं तो मला नेहमी ऐकवतो. म्हशीची किंमत दरवर्षी उतरते, त्याला अनुभव मिळेल. कावीळ त्या चकचकीत बुटवाल्याला. तो आता निवृत्त झाला आहे आणि ती त्यानेच माझ्यासाठी निवडली होती. कंपनीच्या अकरा छत्र्या कोपऱ्यावरच्या बसथांब्याला टांगून ठेवाव्यात. ज्याला लागेल त्याने न्यावी.

कलम पाचवे. खरी गाडी.

पंचवीस वर्षं वाट बघितल्यावर पत्र आलं. जगात सत्त्याहत्तर गाड्या बनणार होत्या आणि त्यातली एकेचाळिसावी मला. रंग मला हवा तो देणार होते. मी दातांच्या छटांच्या पट्टीतला एक दात काढून पाकिटात घालून पाठवला. कंपनीने तीन नमुने रंगवून पाठवले. ते मी माझ्या धाकट्या बहिणीसमोर ठेवले. कारखाना आम्ही दोघींनी मिळून उभा केला आणि छटा ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. पहिला नमुना उजेडात धरून ती म्हणाली, "हा विड्या ओढणाऱ्याचा." दुसऱ्याला म्हणाली, "हा खोटा दिसतो, लगेच कळतं." तिसऱ्याला तिने मान डोलावली. म्हणजे गाडीचा रंग तिचा आहे.

त्याच सुमारास तिचं लग्न ठरलं. वय छप्पन्न. पाठदुखीसाठी पोहायला शिकायला गेली आणि तलावावरच्या मास्तरांच्या प्रेमात पडली. मास्तर माणूस सोन्यासारखा आहे. एका बुधवारी सकाळी अकरा वाजता नोंदणी कार्यालयात लग्न लागणार होतं. आणि कंपनीचं दुसरं पत्र आलं की किल्ली देण्याचा समारंभ त्याच बुधवारी, अकरालाच. ग्राहक स्वतः हजर नसेल तर गाडी यादीतल्या पुढच्याला जाईल, आणि "आपला विचार पुन्हा योग्य वेळी केला जाईल."

मी किल्ली घ्यायला गेले.

मनात म्हटलं, संध्याकाळी नवी गाडी घेऊन दारात उभी राहिले की तिचा राग पळेल. संध्याकाळी दारात उभी राहिले. धाकटी बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली, "रंग बरोबर आलाय," म्हणाली, आत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती कारखान्यात आली नाही. त्याला नऊ वर्षं झाली. विचारणाऱ्याला मी सांगायची की तिला गाडीचा हेवा वाटतो. खरं कारण मला त्या बुधवारी अकरा वाजताच ठाऊक होतं, टाळ्या वाजत होत्या तेव्हाच. मी चुकले. इतकं साधं वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली याची मला लाज वाटते.

गाडीचं म्हणाल तर ती नऊ वर्षांत सहाशे बारा किलोमीटर चालली आहे. त्यातले बहुतेक त्यांच्या गॅरेजपर्यंत जाण्यायेण्याचे. करारात लिहिलं आहे की पहिली दहा वर्षं चालकाच्या जागी फक्त मालकीण बसेल. ती सीट वजन ओळखते आणि कंपनीला कळवते. मागे एकदा आठवडाभर पाहुणचार झाल्यावर मी चार किलोंनी वाढले, तर तिकडून फोन आला, "मॅडम, आपली गाडी कोण चालवतंय?" मीच चालवतेय, हे पटवायला मला फोटो पाठवावा लागला.

गेल्या महिन्यात पुन्हा पत्र आलं. याहून वरची गाडी निघते आहे, जगात फक्त पंचवीस, आणि यादीत माझा नंबर तिसरा. एक वर्षभर करार पाळला की ती माझी. पत्र वाचून मी उडी मारली, म्हणजे गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढी. मग बारीक अक्षरातली शेवटची ओळ वाचली. हा नंबर वारसांकडे जात नाही. माझ्या माघारी चौथा माणूस तिसरा होईल आणि तोही अशीच उडी मारेल. मी पत्राची घडी घातली. ही बातमी मला ज्या एका माणसाला सांगायची होती, ती माझ्याशी बोलत नव्हती.

सबब एकेचाळिसाव्या नंबरची गाडी, किल्ल्या आणि कागदपत्रांसह, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावी. तिने ती चालवावी, विकावी किंवा तिच्यात कोंबड्या पाळाव्यात. आज मी नऊ वर्षांनी तिला फोन केला आणि विचारलं, "गाडी तुझ्या नावे लिहितेय. घेशील का?" ती म्हणाली, "हे काय फोनवर सांगायचं असतं का? उद्या येते." ती नको म्हणाली तर गाडीचं काय करायचं, हे मला ठरवता आलेलं नाही. खरं तर तेव्हा मला गाडीचा प्रश्नच पडणार नाही, बहिणीचा पडेल.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी दुपारी.

धाकटी आली. सोबत मास्तर होते. वकीलबाई टेबलाशी बसल्या होत्या आणि साक्षीला बोलावलेला शेजारचा चष्मेवाला चहा पीत होता. धाकटीने हा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मी परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी समोर उभी होते.

"हे 'मी चुकले' कोणासाठी लिहिलंस?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठी."

"आणि मला ते तू मेल्यावर वाचायला मिळणार होतं?"

मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली, ती बसली नाही.

"तोंडाने म्हण," ती म्हणाली.

मी म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो, आणि चष्मेवालाही रडला, ज्याला भांडण कशाचं होतं हेही माहीत नव्हतं. मास्तरांनी सगळ्यांना पाणी दिलं.

सह्यांची वेळ आली. दुसरे साक्षीदार म्हणून मी काकांना खालून बोलावणार होते. वकीलबाईंनी हात वर केला. "काकांना तुम्ही कारखाना देताय ना? मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं, त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. केली तर त्याचा वाटा जातो."

"असं?" धाकटी म्हणाली. "म्हणजे मी सही केली तर मला गाडी मिळणार नाही?"

"नाही मिळणार. म्हणूनच तुम्ही करू नका."

"द्या इकडे पेन."

"अगं, वेडी आहेस का?" मी म्हटलं. "गाडी हातची जाईल!"

"जाऊ दे. तू मेल्यावर मला गाडी घेऊन काय करायचंय? नऊ वर्षं तू जिवंत होतीस आणि मी घरी बसून होते, तेवढं पुरे झालं." तिने पेन घेतलं आणि दुसरा हात माझ्यापुढे केला. "किल्ली दे. मी चालवते."

मी तिला करार सांगितला. यादीतला तिसरा नंबर सांगितला. वजन ओळखणारी सीट सांगितली.

"मी तुझ्यापेक्षा नऊ किलोंनी जास्त आहे," ती म्हणाली. "येऊ दे त्यांचा फोन."

सबब कलम पाचवे बाद समजावं. गाडीचं काय करायचं ते आम्ही दोघी हयात असताना, भांडून किंवा न भांडता, ठरवू. यादीतला तिसरा नंबर मी चौथ्या माणसाला आनंदाने सोडते. आज मी चालकाच्या शेजारच्या सीटवर बसणार आहे. नऊ वर्षांत तिथे कोणीच बसलेलं नाही, मीसुद्धा नाही.

वर लिहिलेलं सगळं मी वाचलं, ते माझंच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही करते.

(सही) कवळ्यांच्या कारखान्याची मालकीण

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा चष्मेवाला

साक्षीदार दुसरी: (सही) धाकटी बहीण

ठिकाण: कारखान्याच्या वरचं घर, स्वयंपाकघरातलं टेबल

दिनांक: चौदा, महिना तिसरा, शनिवार

साक्षीदार दुसरीच्या हस्ताक्षरात, सहीखाली: वाचलं, पटलं, माझ्यासमोर सही झाली. मला यातलं काही नको. ताई, शाई वाळायची वाट बघू नकोस, खाली ये.