पिंपळगाव राजाची युद्धनौका

मुक्काम पिंपळगाव राजा. १४ फेब्रुवारी १९३७, सकाळ.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची टिपणं वेळच्या वेळी व्हावीत, नंतर लोक तारखा विचारतात.
काम : लाकडी युद्धनौकेची प्रतिकृती, ओसरीत मावेल एवढी. तीन डोलकाठ्या, तोफांचे दोन मजले, मागे सोनेरी पऱ्या, पुढे डरकाळी फोडणारा सिंह. खामगावच्या बाजारात मिळालेल्या बिस्किटांच्या विलायती डब्याच्या झाकणावर चित्र आहे. त्यात जहाजाची एकच बाजू दिसते. दुसरी कल्पनेने करीन. तीन वर्षांचा प्रोग्राम. समुद्र पाहिलेला नाही, पण पेन्शनीत निघेपर्यंत मराठी शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे तो मला परका नाही.

१५ फेब्रुवारी.
लाकूड घरातच निघालं! सासऱ्यांनी दिलेल्या सागाच्या फळ्या. सौ. गोजरबाईंचं म्हणणं, त्या पाळण्यासाठी आहेत. आमची सरस्वती पहिल्या बाळंतपणाला येणार, बारशाला शेगावचे व्याही येणार, "त्याईच्यासमोर आपलं नाक कापू नका." मी म्हटलं, पाळणा म्हणजे काय, चार बाजू आणि एक बूड. जहाजातून उरलेल्या लाकडात सहज होईल आणि मीच करीन. शब्द दिला. ती उठून आत गेली. म्हणजे पटलं.

२ मार्च.
गुलाम रसूल सुतार येऊन गेला. सौ.नेच धाडला असावा. म्हणे, "मास्तर, फळ्या द्या मले, आठ दिवसांत पाळना टांगून देतो." नम्रपणे नकार दिला. माणूस कामसू, पण नजर बंडीच्या चाकापलीकडे जात नाही.
डोलकाठीपासून सुरुवात केली; तिला परसातली एक सरळ काठी पुरली. लांबून येणाऱ्या जहाजाची आधी डोलकाठी दिसते, मग बाकीचं. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढला आहे. तोच क्रम बरोबर.

२८ मार्च.
डोलकाठी घासतो आहे. काचकागद संपला, आणखी मागवला. फळ्यांना अजून हात लावलेला नाही. घाईने आरमारं बुडतात.

१९ एप्रिल.
सरस्वती आली. तिला झाकण दाखवलं. तिने विचारलं, "बाबा, याच्यात पाळना कुठी हाये?" अवघडलेल्या बाईला दुसरं काही सुचत नाही.

३ मे.
मोठा शोध! आपल्या सागाने जन्मात समुद्र पाहिलेला नाही. एकदम जहाज केलं तर बिचकेल. आधी खाऱ्या पाण्याची सवय लावली पाहिजे. फळ्या म्हशीच्या हौदात टाकल्या, वर पायलीभर मीठ. विलायतेतल्या कारागिरांना हे सुचलं नसतं, त्यांच्या दाराशीच समुद्र. पाळण्याच्या फळ्या वेगळ्या काढायच्या राहिल्या. पण सवय वाईट नाही.

५ मे.
म्हशीला चटक लागली आहे. हौदापासून हलत नाही, फळ्या चाटत उभी असते. धार काढू देत नाही. सौ. म्हणाली, "काऊन हो, लाकडाचं लोनचं घालून राह्यले का?"

१६ मे, दुपार.
फळ्या काढून घराच्या धाब्यावर उन्हात टाकल्या. ऊन चांगलं आहे. वरून लवंगी फटाक्यांसारखे आवाज येतात. लाकूड सेट होत असावं.
संध्याकाळ. सगळ्या फळ्या तडकल्या. एक पापडासारखी वळली आहे, पण नेमकी जहाजाच्या बुडासारखी. म्हणजे सगळंच वाया गेलं म्हणता येणार नाही.

२० जून.
गुलाम रसूलला मीच बोलावलं. त्याने फळी उचलली, खाली ठेवली. म्हणाला, "मास्तर, हे आता खिळा बी धरत नाही." नवं लाकूड दिवाळीशिवाय येणार नाही म्हणे. घरात उद्या सांगीन.

८ जुलै.
सरस्वतीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. इतका आनंद झाला की जहाज दिवसभर आठवलं नाही.
मग आठवलं. घरात सांगायचं राहूनच गेलं होतं. पण सौ.ला आधीच ठाऊक होतं. तिने फळ्या फोडून न्हाणीघराच्या चुलीत घातल्या, बाळंतिणीचं पाणी त्यावर तापतं. मीठ तडतडतं. एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शब्द देऊन नातीला पाळणा नाही, याची मला खरोखर लाज वाटते.

१९ जुलै, बारसं.
सौ.ने सकाळीच आढ्याला लुगड्याची झोळी बांधली. झोळी मिटून पोर दबू नये म्हणून वर आडवी काठी लागते. तिने घरभर पाहिलं आणि माझी डोलकाठी उचलली. लांब होती. गुलाम रसूलने वीतभर कापली. मी तिकडे पाहिलं नाही.
व्याही हिंमतराव आले. पाळणा कुठे, असं काही त्यांनी विचारलं नाही. काठीवरून बोट फिरवून म्हणाले, "लय गुयगुयीत हाये हो! लुगड्याले कुसळ लागनार नाही. किती दिवस लागले?"
तीन डोलकाठ्या, दोन मजले, सिंह, सगळं ओठांवर आलं होतं. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फुरसतीत केली."

त्याच दिवशी, संध्याकाळ.
पाहुणे गेले. नात रडायला लागली. सौ.ने झोळीची दोरी माझ्या हातात दिली. म्हणाली, "घ्या, चालवा आता तुमचं जहाज."
डाव्या हातात दोरी, उजव्या हाताने हे लिहितो आहे. नव्या जहाजाचा प्लॅन डोक्यात तयार आहे. पण लिहायला लागलो की दोरी थांबते, आणि दोरी थांबली की ती रडते.