चिंचोका आणि तीन रेघा

बाई, तुमचा तो कावळ्याचा पाय मला मागच्या आठवड्यात लोणावळ्यात परत दिसला. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलणं चालूच आहे, म्हणून आज म्हटलं लिहूनच टाकू. कान्हे फाट्यावर बसलेय. आंदर मावळात जाणारी एसटी कधी येईल ते तुमच्या वेळी कुणाला सांगता यायचं नाही, आताही येत नाही. भात निसवायला आलंय, त्याचा गोडसर वास येतोय. धुकं असं खाली उतरतं की रस्त्यापलीकडचा वडेवाला गाडीसकट नाहीसा होतो, नुसता तेलाचा चर्र आवाज उरतो, आणि मग हळूहळू आधी कढई दिसते, मग हात, मग माणूस. मघापासून मी तेच बघत बसले होते, लिहायचं राहूनच गेलं. तुम्ही म्हणायचात, या मुलीचं लक्ष म्हणजे सुटलेलं वासरू. अजून तसंच आहे, बाई. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कुठं टिकले नाही. पवनेच्या कडेला तंबू लावले, एका हॉटेलात चादरी घड्या केल्या, आता पुण्या-मुंबईच्या लोकांना डोंगर दाखवते. चढताना ठीक असतं. उतरताना डावा गुडघा बोलतो.

तर कावळ्याचा पाय. शाळेची पडवी, खाली गुळगुळीत कोबा. तुम्ही तळेगावहून पहिल्या गाडीनं येता, सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आल्या आल्या मैदान आखायची फक्की चिमटीत घेऊन कोब्यावर तीन रेघा ओढता, एक पुढं, दोन मागं तिरक्या. मधोमध एका पायावर उभं राहायचं, हात कमरेवर, आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं चिंचोका ढकलत न्यायचा, जिथवर तोल राहील तिथवर. तिन्ही रेघांवर. मग पाय बदलून पुन्हा. दोन्ही वेळचे चिंचोके जिथं थांबले त्यांच्यामधलं अंतर तुम्ही वाकून बोटांनी मोजायच्या. चार बोटांपेक्षा जास्त निघालं तर ती पोरगी महिनाभर खो-खो खेळणार नाही, नुसता व्यायाम करणार. त्याआधी पडवीच्या पायरीवरून खाली उडी, आणि जमिनीला पाय लागतात न लागतात तोच परत वर उडी. तेव्हा तुम्ही आमच्या तोंडाकडे बघत नव्हता, गुडघ्यांकडे बघायच्या. "तोंड म्हणतं दुखत नाही. पाय काय म्हणतो ते बघू." आम्हाला तो सगळा खेळच वाटायचा. एखादी डुगडुगली की बाकीच्या ओरडायच्या, "ए बगळे, मासा गावला का गं?" आणि तुम्हीही हसायच्या, मग वहीत लिहायच्या.

तुम्हाला हे कुणी शिकवलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. तुमचं स्वतःचं काही दुखलं होतं का, तेही नाही. विचारायच्या कितीतरी गोष्टी होत्या, आणि मी विचारलं काय, तर बुटांना फक्की लावता का म्हणून.

आठवीतली गोष्ट. संघ लोणावळ्याला जाणार होता, नऊ जणींचा, आणि नवव्या नंबरला मी होते. मी बाद झाले तर जिला घेणार, ती दहाव्या नंबरची आमच्या वाडीतलीच, माझ्याहून बारीक चणीची. त्या आठवड्यात मी गुरांमागून येताना बांधावरून उडी मारली आणि डाव्या गुडघ्यात काहीतरी कचकन झालं. सूज अशी नव्हती. आई म्हणाली, "लचाकलं आसंल, शेक दे." मी शेकलं. पण सकाळी अंगणात कोळशानं तीन रेघा ओढून बघितलं, चिंचोका ठेवून, आणि दोन्ही पायांतलं अंतर मोजलं. किती निघालं ते कुणाला सांगितलं नाही. पायानं पुसून टाकलं.

त्या दिवशी पडवीवर माझी उडी झाली तेव्हा तुम्ही भुवया आवळल्या. "परत मार." मारली. "डावा आत पडतोय का गं?" मी म्हटलं, न्हाई बाई, पायरी निसरडी हाये. तुम्ही परत मारायला लावली. तिसऱ्यांदाही तुमचं समाधान झालं नव्हतं, ते मला दिसत होतं. मग म्हणालात, "रेघा सांगतील." डाव्या पायावर उभी राहिले. चिंचोका थोडा सरकला आणि माझा तोल गेला. तेवढ्यात मैदानात दोघी भांडायला लागल्या, तुम्ही वळून शिट्टी मारली, आणि मी खाली वाकून चिंचोका बोटानं पुढं सरकवला. एवढंच. मांजरीनं शेपटी हलवावी एवढाच वेळ. तुम्ही परत वळलात, वाकलात, बोटं ठेवलीत. "दोन बोटं. चालेल." आणि स्वतःशीच म्हणालात, "माझेच डोळे म्हातारे झाले वाटतं."

लोणावळ्याचं मैदान मला फार दिसलंच नाही. धुक्यात एक खांब, त्याच्या पलीकडे दुसरा. मी पळतेय, मागून चपळ पावलं, खांबाला हात घालून वळसा घेतला, अंग वळलं आणि गुडघा नाही वळला. आवाज मी ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. मग तळेगावचा दवाखाना, छताचा पंखा, त्याला तीन पाती. तुम्ही स्टुलावर बसलेल्या, बुटांवर लाल माती. आईनं विचारलं, रागानं नाही, नुसतंच विचारलं. "बाई, तुमी तर पाय बगितलावता ना पोरीचा?" तुम्ही मान खाली घातलीत. "बघितला होता. चूक माझी आहे. मला दिसायला हवं होतं." मी पंख्याची पाती मोजत होते. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. तोंड उघडायला तेवढी जागा पुरली असती. मी उघडलं नाही.

त्यानंतर तुम्ही रेघा ओढल्या नाहीत. संघ दुसऱ्या सरांकडे गेला, तुम्ही वाचनालयाच्या कपाटाची किल्ली सांभाळू लागलात. एकदा मी कुबडी घेऊन आले तेव्हा तुमची शिट्टी माझ्या हातात ठेवलीत. "ठेव तुला. मी आता कुणाचे पाय बघणार नाही." दोन वर्षांनी तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. शिट्टी अजून आहे. डोंगरात ढग आला आणि लोक पांगले की वाजवते, मग एकेक जण पांढऱ्यातून बाहेर येतो.

मागच्या आठवड्यात लोणावळ्यात स्टँडकडे जाता जाता एका शाळेच्या मैदानावर गलका ऐकला आणि वळले. खो-खोच्या पोरींचे पाय तपासत होते. माझ्याच वयाची एक मुलगी, पायाचे व्यायाम शिकवणारी डॉक्टर. लाकडी खोक्यावरून उडी, समोर उभा केलेला मोबाईल, मग ती उडी हळू करून बघायची. आणि बाजूला फरशीवर चिकटपट्टीच्या तीन रेघा, एक पुढं, दोन मागं. चिंचोक्याच्या जागी लाकडाचा ठोकळा. मला हसूच आलं. "तुम्ही कुणाबरोबर आलात?" म्हणत तिनं माझ्या हातात पालकांचा फॉर्म दिला. त्याच्याच पाठीवर हे लिहितेय.

रांगेत एक पोरगी होती. सारखी उजव्या पायावर भार देऊन उभी. मला लगेच कळलं. तिची पाळी आली, तोल गेला, डॉक्टर मोबाईलकडे वळली आणि पोरीनं बोटांनी ठोकळा पुढं सरकवला. मी शिट्टी कधी फुंकली मलाच कळलं नाही. सगळं मैदान वळलं. पोरीनं हात मागं घेतला आणि आली तरातरा माझ्याकडे.

"काय वो मावशी, कशाला फुकली?"

मावशी! बाई, मी सत्तावीसची आहे. मी तिला पायरीवर बसवलं. सांगितलं, माझ्या एका मैत्रिणीनं असंच केलं होतं, हातानं सरकवलं होतं.

"मंग? मोडला?"

"मोडला."

"आन बाईंनी लय मारलं आसंल."

"न्हाई. बाई म्हनाल्या, चूक माझी."

ती नखानं पायरीची माती खरवडत राहिली. मग उठली आणि डॉक्टरकडे जाऊन म्हणाली, "माजं परत घ्या. मगाशी पाय टेकला होता." या खेपेला ठोकळा अलीकडेच थांबला. डॉक्टरनं तिला बाजूला बसवलं, खांद्यावर हात ठेवला. जाताना पोरगी रडत माझ्या अंगावरून गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. बरोबरच आहे.

काल तळेगावात तुमच्या गल्लीत गेले होते. काका, तुमचे यजमान, फाटकाशी कुंड्यांना पाणी घालत होते. "कोण गं?" म्हणाले. हा कागद तेव्हा कोराच होता, पण तोंड होतं की. म्हटलं, पत्ता चुकला. आता लिहून झालंय, तरी तिकडची गाडी मी सोडून दिली. एसटीचे दिवे धुक्यात दिसतायत, ती आली की कागद घडी करून खिशात जाईल, शिट्टीजवळ.

त्या पोरीला मी मैत्रीण म्हणाले, बाई. मैत्रीण कुणी नव्हती. आणि तुमचे डोळे म्हातारे झाले नव्हते. अंगणात मोजलं तेव्हा सहा बोटं निघाली होती.